गाठ मारलेलं पोतं

वाई, ता. ९ फेब्रुवारी २०२५

चि. उदयसिंह यास, अनेक उत्तम आशीर्वाद.

आज रविवार, म्हणजे नदीचा घाट साफ करायला आमची हजेरी. आम्ही सात-आठ बायका, गुडघाभर चिखलात. कुजके हार, देवांच्या फुटक्या तसबिरी, मेलेल्यांची अंथरुणं! माणूस गेलं की त्याचं सगळं कृष्णामाईच्या गळ्यात. तुझे भावजी अंथरुणातूनच टोमणा मारतात, म्हातारपणी नगरपालिकेत लागलीस काय म्हणून.

आई जाऊन दोन महिने झाले, पण करमत नाही. भावजींना सोडून मला निघता येईना, फोनवर तिला ऐकू येईना, लिहिता-वाचता तर तिला येतच नव्हतं. म्हणून मी पत्रं धाडायची आणि तू तिच्या कानाशी वाचायचास. दिवाळीआधी लिहिलं होतं, गाडी धाडते, कायमची माझ्याकडं ये. तिचं उत्तरच आलं नाही. काय म्हणाली रं ती? खरं लिही. आणि तिनं शिवलेली वाकळ मला ठेव.

माया पातळ करू नको.
तुझी अक्का, राजेश्वरी

कुपवाड, ता. १५ फेब्रुवारी

ती. अक्कास, उदयसिंहचा सा. नमस्कार.

कारखान्यात लय काम, म्हणून उशीर. तुझं प्रत्येक पत्र मी आईला दोनदोनदा वाचून दाखवलं. गाडीचं ऐकून हसली. म्हणाली, लेकीच्या दारात कशाला मरू, मी हितंच बरी. वाकळ एका गरजूला दिली.

तू त्या घाणीत हात घालणं सोड, अक्का, आपल्या घराला शोभत नाही. नदी सगळं पोटात घेते.

धाकट्यावर लोभ असू दे.
उदयसिंह

वाई, ता. २ मार्च

उदयसिंह,

आज घाटाच्या खालच्या पायरीला अडकलेलं खताचं पोतं निघालं. आमच्यातल्या बनाबाईनं ओढलं, मी विळ्यानं कापलं. आत आईची वाकळ, तिचा चष्मा. अस्थी सोडायला इथं वाईला आलास, तेव्हा त्यांच्याबरोबर तूच सोडलेलं. खाली प्लॅस्टिकची पिशवी, कारखान्यात माल बांधतोस तशी दुहेरी गाठ मारलेली. पाण्याचा थेंब आत गेला नव्हता.

पिशवीत माझी पत्रं. अकरा पाकिटं, अकराही बंद.

कान तिचे गेले होते, तुझी जीभ कुठं गेली होती? लेक विसरली म्हणत ती गेली, आणि आईलाच यायचं नाही म्हणत मी इथं रुसून बसले. का केलंस ते आता सांगू नको, मला ऐकायचं नाही.

वाकळ धुऊन वाळत घातली आहे.

बंद पाकीट तू उघडत नाहीस, म्हणून हे कार्डावर लिहिलंय, कारखान्याच्या पत्त्यावर. पोस्टमन वाचेल, तुझे कामगार वाचतील. तुला वेळ नसला, तर त्यांच्यातलं कुणीतरी तुझ्या कानाशी मोठ्यानं वाचून दाखवेल.

राजेश्वरी