तिसरी सभा धसईला

॥ श्री ॥

शहापूर
१० नोव्हेंबर १९९७

ति. ताईस लडकूचा कृ. सा. न. वि. वि.

विषय: सलग दोन सभांना गैरहजेरी.

हसू नकोस. तीस वर्षं शाळेच्या कचेरीत लेखनिक होतो, विषय घातल्याशिवाय माझा हात चालत नाही. शिवाय हे पत्र भावाचं नसून आपल्या निवृत्त शाळा कर्मचारी मंडळाच्या चिटणीसाचं आहे. काल आणि मागच्या महिन्यात हजेरी घेताना तुझं नाव पुकारलं, ओ आली नाही. आपल्या धाऊ शिपायाने घंटा वाजवायची थांबवून दाराकडे पाहिलं, तरी नाही.

नियम तुला माहीत आहे. वेखंडे गुरुजी आटगावच्या खोलीत एकटे गेले आणि आपल्याला चौथ्या दिवशी कळलं, त्यानंतर सगळ्यांनी हात वर करून केलेला नियम आहे. जो सलग दोन सभा चुकवेल, त्याच्या घरी तिसरी सभा. शहापूर असो की मुरबाड, सगळ्यांनी जायचं. तेव्हा १४ डिसेंबरला आम्ही एकोणीस जण धसईला येत आहोत. तब्येतीचं खरं काय ते कळव. तुझी भावजय गोजर विचारते, वालाचं बिरडं करशील का. मी तिला म्हटलं, आजारी माणसाकडे असं मागत नाहीत.

माया आहे तशी ठेव, आवक-जावक वहीत नोंदवायची गरज नाही.

तुझा,
लडकू


धसई
१७ डिसेंबर १९९७

चि. लडकूस अ. उ. आ.

गुडघा दुखत होता, दुसरं काही नाही. धसईची गाडी धरायची, मुरबाडला बदलायची, पुन्हा शहापूरपर्यंत उभं राहायचं, हे गुडघ्याला आवडत नाही.

तुम्ही आलात ते बरं झालं. धाऊने ओटीवर घंटा वाजवली तेव्हा शेजारची भागी पोराला दप्तर शोधायला लावत होती, तिला वाटलं शाळा भरली. एवढी वर्षं शिपाई म्हणून दाराबाहेर उभा राहिलेला माणूस माझ्या सतरंजीवर मधोमध बसून भाकरी मोडत होता, ते मला फार आवडलं. तू मात्र जेवतानाही इतिवृत्त लिहीत होतास. बिरड्याचा डाग पडलेलं पान तसंच ठेव.

लेकाचं, दीपेशचं, कल्याणहून पत्र नाही. गणपतीला येऊन गेला, आता होळीला बघू म्हणतो. गोजरला सांग, वाल आणखी भिजत घातले होते, उरले, ते मी दोन दिवस खाल्ले.

आठवण असू दे, नियमात नसली तरी.

ताई


शहापूर
२० ऑगस्ट २००१

ति. ताईस सा. न. वि. वि.

विषय घालत नाही. रागात आहे.

मंडळाला पाच वर्षं झाली म्हणून सर्वांनी मला मंडळाचा इतिहास लिहायला सांगितला. हजेरीची वही पहिल्या पानापासून काढली. तुझ्या नावापुढे दोन खाडे, मग एक सभा धसईला. पुन्हा दोन खाडे, पुन्हा धसई. पावणेचार वर्षं, पंधरा वेळा. गुडघा असा तारखा बघून दुखत नाही, ताई. पहिलं वर्ष सोडलं तर शहापूरला तू एकदाही आली नाहीस.

सर्वात वाईट हे, की माझ्याखेरीज सगळ्यांना ते आधीच कळलं होतं. बाया हसतात. कोणी म्हणतं, चिटणीसाची बहीण म्हणून चाललंय. आमी आता म्हातारे झालो, दर तीन महिन्यांनी दोन गाड्या बदलून कुठवर जायाचं, असं आटगावची मंडळी तोंडावर म्हणाली. वेखंडे गुरुजींच्या नावाने केलेला नियम तू जेवणावळीसाठी वापरलास. मी इतिहासात काय लिहू?

लडकू


धसई
२७ ऑगस्ट २००१

चि. लडकूस आशीर्वाद.

खरं ते लिही. मी खोटं बोलले. गुडघा ठीक आहे.

शहापूरची सभा पाच वाजता सुटते. तुम्ही सगळे घरी जाता, मीही येते आणि माझं कुलूप मीच उघडते. आत कोणी नसतं. सभा ऐकून आल्यावर ते जास्त जाणवतं, म्हणून यायचं नको वाटतं. रविवारी इथे सभा असली की मी गुरुवारपासून ओटी सारवते. सोमवारी दिवसभर सतरंजी उचलत नाही. तिच्यावर कोण कुठे बसलं होतं ते मला आठवतं.

आणखी एक आहे. गावात मी आता नुसती आजी. पोरं आजी म्हणतात, दुकानदार आजी म्हणतो, माझ्या हाताखाली बाराखडी गिरवलेलेसुद्धा आजी म्हणतात. तू वहीतून 'ताराबाई' असं मोठ्याने वाचतोस आणि मी 'हजर' म्हणते, तेवढंच. भाऊबीजेला तू येतोस, पण एक डोळा शेवटच्या गाडीवर ठेवून जेवतोस. चिटणीस म्हणून आलास की दुपारभर बसतोस. मग मला चिटणीसच बोलवावा लागला.

वेखंडे गुरुजी दिसत नाहीत, हे कोणी वहीत धरलं नव्हतं. मी स्वतःला गैरहजर धरून घेतलं, एवढाच माझा गुन्हा.

ताई


शहापूर
१६ ऑक्टोबर २००१

ति. ताईस सा. न. वि. वि.

परवाच्या सभेत नियम रद्द झाला. अकरा विरुद्ध चार. धाऊ उभा राहून म्हणाला, की बाई एकटी हाय, एकट्या माणसासाठीच तर नेम केला व्हता ना आपण. मी हात वर केला नाही. चिटणीसाने मत द्यायचं नसतं, असं मनाशी म्हणालो आणि ठराव सुवाच्य अक्षरात लिहिला, प्रत सोबत आहे. घरी आल्यावर गोजर माझ्याशी जेवणापर्यंत बोलली नाही.

तुझं पत्र मी इतिहासात घातलेलं नाही. कुठेच घातलेलं नाही, उशाखाली आहे.

भाऊबीजेला सकाळच्या गाडीने येतो, घड्याळ घरी ठेवून. रागावलेली असलीस तरी दार उघड.

लडकू


धसई
२१ ऑक्टोबर २००१

चि. लडकूस आशीर्वाद. ठराव मिळाला. अक्षर चांगलं आहे. भाऊबीजेला ये, पण माझ्यावर उपकार म्हणून नको. — ताई


धसई
२० फेब्रुवारी २००४

चि. लडकूस अनेक आशीर्वाद.

गोजरचे दिवस उरकून मी परत आले ते मनाविरुद्ध. तू म्हणालास, लेक आहे, भूमिका राहील महिनाभर, काळजी नको. आता कळलं, मी निघाल्यावर ती आठव्या दिवशीच नाशिकला सासरी गेली आणि तू मला कळवलं नाहीस. खोटं बोलायला माझ्याच शाळेत शिकलास म्हणायचा.

हे मला धाऊने कळवलं. पोस्टकार्ड आहे, वाकडंतिकडं, पण सगळं त्यात आहे. तू येत नाहीस म्हणून हजेरी आता तो घेतो. जानेवारीत तुझं नाव वाचलं, ओ नाही. फेब्रुवारीत वाचलं, ओ नाही. तिसऱ्यांदा वाचायचा धीर नाय व्हत, असं त्याने लिहिलंय. नियम रद्द आहे म्हणून कोणी तुझ्याकडे गेलं नाही. तुझाच ठराव, तुझंच अक्षर.

मी मुरबाडला जाऊन घरोघर फिरले. शहापूरकडच्यांना धाऊ भेटला. सगळे नाहीत, काही आता उरलेच नाहीत. आम्ही सात जण आहोत. १४ मार्चला सभा तुझ्या घरी आहे. धाऊ घंटा आणतोय. वाल मी भिजवून आणते, चूल तू पेटवून ठेव. गोजरची जागा सतरंजीवर रिकामी ठेवू, तिथे कोणी बसणार नाही.

सभा पाचला सुटेल. बाकीचे जातील. मी जाणार नाही, पिशवीत चार लुगडी घेतली आहेत. तुझं कुलूप तुला एकट्याला उघडावं लागू नये.

गुडघा दुखतो. आता खरंच दुखतो, दोन महिने झाले. तरी येते.

तुझी,
ताई