दवात बसलेला चतुर

सर, तुमच्या वहाणांखाली कपाशीच्या वाळक्या पऱ्हाट्या कडाकड मोडायच्या, तो आवाज मला अजून ऐकू येतो. सातवीत मी पहाटेवर निबंध लिहिला होता, कवितेच्या पुस्तकातले सगळे गोड शब्द ओतून, आणि त्यात पारदर्शक पंखांचे चतुर दवावर नाचवले होते. वर्गासमोर उभं करून तुम्ही विचारलंत, "पाह्यलं का बे तू? मंग लिहिलं काहून?" पोरं हसली, माझे कान तापले. दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत तुम्ही मला घाटंजीबाहेरच्या बांधावर नेलंत. तुरीच्या काडीला चतुर चिकटलेला आहे, पंखांवर दव. मी बोट लावतो, हलत नाही. मला वाटतं, मेला. तुम्ही म्हणता, "थांब. ऊन येऊ दे त्याच्या अंगावर."

आता मी सत्तरी ओलांडली. लेकीने दिलेल्या कॅमेऱ्याला मॅक्रो लेन्स लावून किडे टिपतो आणि जिल्ह्यातल्या हौशी मंडळींच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकतो. तिथला कडक नियम एकच: किडा हलू नये म्हणून फ्रीजमध्ये गारठवून फोटो काढला, की ग्रुपबाहेर. परवा मी असाच एक चतुर टाकला. पंखावरच्या थेंबाथेंबात उलटी तूर दिसत होती. महागावचा एक गॅरेजवाला आहे, कोळ्यांचे फोटो फार देखणे काढतो, त्याने लगेच लिहिलं, "काका, चतुर एवढा गप बसते का कुठं? भाजीच्या कप्प्यातला दिसून राह्यला." खाली हसऱ्या चेहऱ्यांची रांग. ग्रुप चालवणाऱ्या बाईंनी संध्याकाळपर्यंत खुलासा मागितला. कान पुन्हा तसेच तापले.

पण या वेळी मी पाहिलं होतं, सर! उजाडल्यापासून त्या काडीसमोर गुडघे टेकून बसलो होतो. सगळे फोटो ओळीने टाकले: दव ओघळलं, ऊन पाठीवर आलं, पंख थरथरले, आणि शेवटच्या फोटोत नुसती काडी. त्या रिकाम्या काडीला मिळाली तेवढी वाहवा माझ्या कुठल्याच किड्याला मिळाली नव्हती. बाईंनी तीच ग्रुपच्या डीपीला लावली. मी घरभर शाळेतल्या कविता मोठ्याने म्हणत फिरलो. बायको म्हणाली, "काय हो, लॉटरी लागली का?" म्हटलं, त्याहून मोठं. सरांनी पास केलं.

गॅरेजवाल्याने मात्र तेव्हापासून ग्रुपवर एकही कोळी टाकलेला नाही. हे पत्र टाकायला पत्ता नाही, वहीतच राहील. म्हणून ग्रुपवर न सांगितलेलं तुम्हाला सांगतो. कॅमेरा नवा होता तेव्हा मी एक भुंगा फ्रीजमध्ये ठेवला होता, दह्याच्या वाटीशेजारी. बाहेर काढून उन्हात धरला, कितीतरी वेळ धरला. तो हललाच नाही. तेव्हा त्या माणसाचा संशय अगदीच…

दारात मोटारसायकल थांबली. बायको हाक मारते आहे, "अहो, महागाववरून कोणी आलं. गळ्यात कॅमेरा हाय." तिच्या मागून ओशाळलेला आवाज येतो, "काका, गॅरेज बंद करून आलो. उद्या पहाटं मलेबी न्या ना बांधावर."