काळ्या विजारीवरचं पाणी

सोमवार, ३

कॅमेरा आला, आणि चालतोय! डोळ्यांना न दिसणाऱ्या अवरक्त किरणांत काळं कापड चक्क पांढरं दिसतं — त्याचा रंग त्या किरणांना अडवतच नाही. पाणी मात्र ते किरण गिळून टाकतं, म्हणून ओल तेवढी काळीकुट्ट. काळ्या सुती तुकड्यावर एक थेंब सोडला आणि तो धाग्याधाग्याने कसा सरकत गेला ते पडद्यावर पाहिलं. टाळ्याच वाजवल्या! सहकारी म्हणाली, "कापूस भिजतो, एवढंच ना?" एवढंच! पाऊण तास समजावलं तिला.

घरी बाबांचं तेच. संध्याकाळचं फिरणं दोन महिने बंद. विचारलं की — "कंटाळा आला." जन्मभर शिंपीकाम करूनही ज्यांच्या पायाला भिंगरी, त्यांना फिरायचा कंटाळा?

बुधवार, ५

बाबांना बाहेर काढायचंच! म्हटलं, प्रयोगशाळेत वीण ओळखणारा माणूस हवाय. "एवढी शिकलीस आणि शिंप्याला विचारतेस होय?" — पण मिशीतल्या मिशीत हसले.

शुक्रवार, ७

आले. नमुने चिमटीत धरून प्रत्येकाची वीण अचूक सांगितली. मग कॅमेऱ्यासमोरून खुर्चीकडे गेले. पडद्यावर त्यांची काळी विजार पांढरीशुभ्र — आणि मागे तळहाताएवढा काळा डाग.

मी झटकन भिंग झाकलं. "काय झालं गं?" "तापलंय, बाबा."

खोलीत आम्ही दोघंच होतो, ते बरं. तो कंटाळा कसला, ते कळलं.

शनिवार, ८

सकाळी बाबांनी माझ्यापुढे एक पाचपदरी घडी ठेवली. रात्रीतून शिवलेली. "काल काही तापलं नव्हतं. पडदा मलाही दिसत होता. विजारीच्या आत लावायचंय हे. किती पाणी धरतं, मोज."

दोघं प्रयोगशाळेत गेलो. पाणी सोडलं — थेंब वरच उभा, मोत्यासारखा! आणि घरंगळला.

"बाबा, धुतलं नाहीत? कोऱ्या कापडावर खळ असते, कापसाचं मेण असतं. पाणी आत शिरणार कसं?"

"चाळीस वर्षं कोरंच शिवलं. धुणं हे गिऱ्हाईकाचं काम!"

पोट धरून हसलो दोघंही.

गरम पाण्यात दोनदा धुतलं. आता ओल मधल्या पदरांतच थांबते. बाहेरचा पदर शेवटपर्यंत पांढरा! डॉक्टरांकडे यायलाही कबूल झाले — "पण तिथे व्याख्यान द्यायचं नाहीस."

सोमवार, १०

बाबा फिरून आले. खिशातून चिठ्ठी काढली — चार मित्रांच्या कंबरेची मापं. "कापड धुवायला टाक. भरपूर."