पाटीवरचं मागचं पान

शनिवार, १४ मार्च
सकाळचे साडेनऊ

प्रिय ताई,

साष्टांग नमस्कार. पुढचं 'विनंती विशेष' गाळते, नाहीतर म्हणशील, बाईसाहेब बहिणीला पत्र लिहितायत की कचेरीला अर्ज! इकडे सगळं ठीक. माझा गुडघा कुरकुरतो. ह्यांनी पुढच्या खोलीला स्वतः रंग दिला, निम्मा भिंतीला आणि निम्मा चष्म्याला. बोलायची सोय नाही, म्हणून 'छान झालाय' म्हणून मोकळी झाले.

कचेरीत आपल्या दुभाष्यांच्या काचेच्या खोलीत आता एक नवी जोडी बसते. मुली हुशार आहेत, पण त्यातली एक माइक चालू असताना सफरचंद खाते. परवा अख्ख्या सभागृहाने हेडफोनमधून तो कर्रकन आवाज ऐकला. तू असतीस तर नुसत्या नजरेने तिला सरळ केलं असतंस. पाट्या आता सगळ्यांना मिळाल्यात. हो, टॅबलेटला मी अजून पाटीच म्हणते, तुझ्यामुळे. 'तीस वर्षं दुभाषेपण करून शेवटी परत बालवाडीत!' म्हणत तू ती पहिल्यांदा हातात घेतली होतीस. तुला आपल्या कागदाच्या चिठ्ठ्याच बऱ्या वाटत होत्या. भुणभुण लावली ती मी. दोन पाट्या जोडल्या की मी लिहिलेलं थेट तुझ्यासमोर उमटतं, चिठ्ठी सरकवायला नको, असं मी दिवसभर तुझ्या कानाशी घोकत होते. तू चिडचिड केलीस आणि आठवड्यात माझ्याहून सफाईने ती चालवायला लागलीस.

फोनच करणार होते, पण तू उचलत नाहीस. चुकीचं ऐकू येईल अशी भीती वाटते, असं तुझ्या लेकीकडून कळलं. ती मंगळवारी येऊन गेली. कान ठणठणीत आहेत असं डॉक्टरांनी सांगितल्यावर तू म्हणे खूश व्हायच्या ऐवजी म्हणालीस, 'म्हणजे डोकंच गेलं.' गॅस बंद केला का ते दहा वेळा पाहतेस. वाण्याकडे जाताना चार वस्तूंचीही यादी करतेस. आणि पुढच्या रविवारी घराच्या किल्ल्या देऊन कायमची तिच्याकडे राहायला जातेयस. तुझं घर, ताई! आपण दोघींनी जिन्यावरून ओढत नेलेलं ते कपाट, तुझं खिडकीजवळचं टेबल, शब्दकोशांच्या त्या चळती, सगळं आवरणार म्हणे. 'मावशी, त्या दिवशी नक्की झालं तरी काय होतं गं?' असं तिने अगदी सहज विचारलं. चोराच्या मनात चांदणं. मी दूध बघायला म्हणून आत गेले आणि ती चपला घालेपर्यंत बाहेर आलेच नाही.

हे पत्र तिसऱ्यांदा लिहितेय. आधीची दोन माझ्या गुडघ्याच्या कुरकुरीवरच संपली.

सप्टेंबरातली ती दम्याच्या मुलांवरची परिषद. दुपारचं सत्र, माइक तुझ्याकडे, मी तुझ्या उजव्या हाताला. आपली रीत तूच मला शिकवलीस. जिच्याकडे माइक, तिने बोलत राहायचं, आकडे आणि नावं शेजारणीने लिहायची. बोलणारीने आकडा कानावर सोडायचा नाही, शेजारणीने लिहिलेला वाचायचा. कान दमतात, शेजारीण दमत नाही, असं म्हणायचीस. त्या डोंगराकडच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आमच्याकडे एक हजार चारशे मुलं आहेत. मी तेच लिहिलं. आणि ताई, लिहून हात टेकताना माझा तळवा पाटीच्या कडेवर पडला आणि पान मागे गेलं. सकाळचं पान. त्यावर दुसऱ्याच कुणाच्या भाषणातला आकडा होता, चारशे. माझ्या पाटीवर जे पान, तेच तुझ्यापुढे. तू वाचलंस, चारशे.

तुझं भाषांतर त्या बाईंच्याही कानावर पडत होतं, त्या ताडकन उठल्या. 'माझी हजार मुलं कुठे गेली?' म्हणाल्या. सगळ्या सभागृहाने मान वळवून आपल्या काचेकडे पाहिलं.

तोवर मला चूक दिसली होती आणि मी पान पुढे सरकवलं होतं. पाच-सात सेकंदांचा खेळ. तू घाबरून परत पाटीकडे पाहिलंस, तर तिथे माझ्या अक्षरात स्वच्छ एक हजार चारशे. तू माफी मागितलीस, आकडा सुधारलास, सत्र पुरं केलंस. त्याच वेळी माइक बंद करून 'ताई, मी चुकले' एवढं म्हणायचं होतं. तीन शब्द. मी तुला पाण्याचा ग्लास दिला.

पाटीसाठी मी कचेरीशी भांडले होते, माझं नाक कापलं गेलं असतं. खरं कारण एवढंच, आणि ते फार हलकं आहे, मला माहीत आहे. म्हटलं संध्याकाळी सांगू. संध्याकाळी नियमाप्रमाणे दिवसभराची सगळी पानं पुसायची असतात, ती पुसली. म्हटलं उद्या सांगू. उद्या तू राजीनामा घेऊन आलीस. कचेरीच्या जिन्यात माझ्या गालावरून हात फिरवून म्हणालीस, 'तू लगेच बरोबर लिहिलं होतंस गं, मलाच दिसलं नाही. तू होतीस म्हणून निभावलं.' ताई, त्या दिवसानंतर सांगणं रोज आणखी अवघड होत गेलं, आणि मी रोज आणखी गोड वागत गेले. तुला डबे पाठवले, स्वेटर विणला. तो निळा स्वेटर घालू नकोस, मला बघवत नाही.

आता नीट वाच, यादी करून ठेवतेस तसं लक्ष देऊन वाच. बुधवारी मी कचेरीत जाऊन त्या सत्राचं रेकॉर्डिंग ऐकलं. त्यात तू आधी 'एक ह' म्हणतेस. मग थांबतेस. मग 'चारशे' म्हणतेस. तू बरोबर ऐकलं होतंस. तोंडाशी आलेला बरोबर शब्द तू गिळलास, कारण समोर माझं अक्षर होतं. तुझे कान शाबूत आहेत आणि डोकंही.

रेकॉर्डिंग ऐकून मी तशीच कचेरीच्या मोठ्या बाईंच्या खोलीत गेले आणि सगळं सांगितलं. त्यांनी चष्मा काढला. 'सहा महिने काय करत होतात?' म्हणाल्या. मी म्हटलं, 'भीत होते.' मग म्हणाल्या, 'हे सगळं तुमच्या हाताने लिहून द्या.' मी लिहून दिलं. त्याची प्रत सोबत आहे, त्यांच्या सहीची. त्या चुकीबद्दल तुझ्या नावावर नोंदलेली तक्रार आता माझ्या नावावर आहे. जूनपर्यंत मला काचेच्या खोलीत बसायचं नाही, आणि ते योग्यच आहे. तुला त्या स्वतः पत्र पाठवतायत. एप्रिलच्या परिषदेला तू हवी आहेस. शेजारी ती सफरचंदवाली बसेल. पाटी नको असेल तर कागद माग, तिला सवय नाही, पण तुझ्यापुढे शिकेल.

तू मला माफ कर असं लिहिणार होते, तीनदा लिहिलं आणि तीनदा खोडलं. मागायचा हक्क नाही. तू माझ्याशी बोलली नाहीस तरी चालेल. खरं तर चालणार नाही, पण मी निभावीन. फक्त रविवारी किल्ल्या देऊ नकोस. तुझ्या लेकीलाही मी आज सगळं सांगणार आहे, तुझ्यावर ती पाळी नको. एवढे महिने तू स्वतःवर संशय घेत एकटी बसलीस, आणि संशय घ्यायचा होता तो माझ्यावर.

चुकीचं ऐकू येईल ही भीती आहे ना, म्हणून मुद्दाम कागदावर, पेनने लिहिलंय. पुसता येणार नाही असं.

स्वतःच्या कानांपेक्षा तू जिच्यावर जास्त विश्वास ठेवलास ती,
तुझी धाकटी