फाटकाच्या आतलं नाव

३ मार्च

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

सध्या मी बंदरावर बोटींना रंग देतो. म्हणजे बोटींना कमी, स्वतःला जास्त. इथल्या बोक्याची शेपटीही निळी झालीय, ती कशी ते सांगत बसलो तर मुद्दा राहील.

मुद्दा असा, की तुझ्या सासऱ्यांच्या लाकूडकामाच्या कारखान्यात संप झाल्याचं ऐकलं. जुन्या कारागिरांना ते घरी बसवतायत म्हणे. आणि आपले आप्पा फाटकाबाहेर बसलेत? त्यांना तर कुणी काढलं नाही! मग तू कुठे बसलीस?

आणि तुमचा खेळ चालू आहे ना? फाटकाच्या आत तू त्यांना मिस्त्री म्हणायचं, त्यांनी बाईसाहेब म्हणून एक डोळा मिचकावायचा. बाहेर पडलं की पुन्हा आप्पा आणि चिमणी. तुझ्या लग्नात आप्पांनीच काढलेली शक्कल. तुझ्या सासरच्यांना अजून पत्ता नसेल!

उत्तर लवकर टाक, नाहीतर मी पुढच्या गावाला पोचलेला असेन. माया पातळ करू नकोस.

तुझा,
भिंगरी

१२ मार्च

चि. भिंगरीस,
अ. आ.

खेळ मोडला रे. हे म्हणाले, आप्पा आत आले की बाकीचे आपोआप येतील, तूच बोलाव. मी नको म्हटलं. त्यावर सासूबाई म्हणाल्या, एकदा ठरव तू कुणाची ते.

शेवटी मी गेले गाडीतून. समोर सगळे ओळखीचे, लहानपणी मला खांद्यावर घेऊन फिरलेले काका. वाटलं, आपला खेळ खेळावा, आप्पा हसतील, जरा हलकं होईल. काच खाली केली आणि म्हटलं, मिस्त्री, आत या.

पण गाडी फाटकाबाहेर होती, भिंगरी.

आप्पा उठले. येत नाही बाईसाहेब, म्हणाले. मी डोळ्यांकडे बघत राहिले. दोन्ही उघडेच होते.

जपून राहा, जेवत जा.

तुझी,
ताई

२० मार्च

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

अगं वेडे, घरी जा ना सरळ! घरात हा खेळ नाही, अटच होती ती. स्वयंपाकघरात तुझं तीन पायांचं स्टूल आहे, त्यावर मलाही बसू देत नाहीत. जा, त्यावर बस आणि चहा माग. आप्पा फुगतात, पण टिकत नाहीत. बोका बरा आहे.

ओरडा खाल्लास की कळव, म्हणजे मला झोप लागेल.

तुझा,
भिंगरी

२ एप्रिल

चि. भिंगरीस,
अ. आ.

संप मोडला. जुने सगळे गेले, त्यांच्यामागून आप्पाही, आपण होऊन. आता ते आमच्याकडचे मिस्त्री नाहीत. मला वाटलं, बरंच झालं.

तू म्हणालास तशी घरी गेले. पायातलं काढून थेट स्वयंपाकघरात. स्टूल जागेवरच होतं, पुसलेलं. मी बसणार, तेवढ्यात आप्पांनी बाहेरच्या खोलीतली पाहुण्यांची खुर्ची आणली, खांद्यावरच्या पंच्याने झटकली आणि म्हणाले, बसा, बाईसाहेब.

रागाने नव्हे रे. अगदी अदबीने.

मी बसले. चहाही दिला त्यांनी, बशीसकट. निघताना दारापर्यंत पोचवायला आले.

भटकत कुठेही जा, पण मला हाक मारायचं सोडू नकोस.

तुझी तरी,
ताई