राहून गेलेली दुपार

ता. १९, रविवार

ती. ताई,

इथूनच तुझ्या पाया पडतो. आम्ही सगळे बरे आहोत. आईचा गुडघा कालपासून जरा कमी दुखतोय. धाकटीला दात येताहेत, त्यामुळे घर डोक्यावर घेते. भाऊजींसाठी पाठवलेली संत्री मिळाली असतील. पाठवल्यावर लक्षात आलं, ती सोलायला दोन हात लागतात.

दवाखान्यात मी तीनदा आलो होतो. तिन्ही वेळा जिन्यावरूनच परत फिरलो.

त्या दिवशी भाऊजींना गाडीत मीच घातलं. शुद्धीवर होते. म्हणाले, "तुझ्या ताईला तू सांग, मला जमायचं नाही." मलाही जमलं नाही. तुला फोन फोरमनने केला, तो मीच करायला लावला.

परवा चौकशी आहे. कारखान्याचं म्हणणं तुझ्या कानावर आलंच असेल, की कामगाराला पूर्ण प्रशिक्षण दिलं होतं, कागदावर त्याची सही आहे, तेव्हा चूक त्याचीच. हे असे निष्काळजी कसे वागले, असं तू आईला विचारलंस. आईने ते मला विचारलं. मी खाली मान घालून जेवत राहिलो.

ताई, नव्या माणसांना सुरक्षेचं शिकवणं हे माझंच काम. पूर्ण दिवसाचं असतं ते. सकाळी आग, टोपी, चष्मा, बूट. दुपारी सगळ्यात महत्त्वाचं, म्हणजे यंत्र साफ करण्याआधी मुख्य स्विच बंद करायचा, त्याला आपलं कुलूप घालायचं आणि किल्ली आपल्याच खिशात ठेवायची. मग दुसऱ्या कुणाला ते चुकूनही चालू करता येत नाही.

भाऊजींच्या तुकडीत सहा जण होते. जेवणाच्या सुट्टीत मॅनेजर आले. माल अडकलाय, माणसं आत्ताच हवीत, उरलेलं नंतर शिकव, म्हणाले. मी नाही म्हणालो, पण तोंडातल्या तोंडात. मग सहाही जणांच्या सह्या घेतल्या. भाऊजींनी कागद नीट वाचला. "यात कुलपाचं लिहिलंय, ते कधी?"

मी हसलो. "घरचेच आहात, रविवारी चहा पिताना सांगतो."

तीन रविवार ते आले. तीनदा चहा झाला. मी विसरलो गं.

चौथ्या आठवड्यात रोलरमध्ये चिकटलेला गोळा काढायला त्यांनी हात घातला आणि पलीकडच्या माणसाने बटण दाबलं. त्याला ते तिथून दिसतच नव्हते.

काल मॅनेजर घरी येऊन गेले. "कागद पक्का आहे, तू फक्त गप्प राहा." मी मान डोलावली.

परवा सगळं सांगायचं असं ठरवलंय. पण माझ्या जिभेचा मलाच भरवसा नाही, ऐन वेळी ती टाळ्याला चिकटते. म्हणून हे लिहून दिलं. मी कचरलो, तर हे पत्र अधिकाऱ्यांच्या हातात दे. माझी नोकरी जाईल, म्हणून थांबू नकोस. आईने अडवलं तरी थांबू नकोस.

भाऊजींना आजच वाचून दाखव. त्यांचा स्वभाव मला ठाऊक आहे, पडल्या पडल्या ते स्वतःलाच दोष देत असतील.

माफी मागत नाही. मागायला तोंड नाही.

अजूनही म्हणू देशील तर,
तुझा भाऊ