मेण, व्हॅसलीन आणि उरलेलं ऑइल

र्युसेल्सहाइम, जर्मनी,
११ नोव्हेंबर २०१८

प्रिय बाबा,

पत्र बघून दचकू नकोस. सगळं ठीक आहे. नोकरी शाबूत आहे, तब्येत बरी आहे आणि लग्नही ठरलेलं नाही. दर रविवारी फोन असतोच, पण त्यावर तू "हां, बरं हां, आईकडे देतो" एवढंच बोलतोस आणि मीही हवापाणी सांगून मोकळी होते. काही गोष्टी बोलायला जीभ रेटत नाही. तू मला सायकलपासून स्कूटरपर्यंत सगळं शिकवलंस, माफी कशी मागायची तेवढं राहिलं. म्हणून कागद घेऊन बसलेय.

इथे थंडी पडली. या आठवड्यात पालिकेच्या गाड्या पहाटे रस्त्यावर बर्फ धरू नये म्हणून मीठ टाकून गेल्या, म्हणजे आता मार्चपर्यंत मीठच मीठ. शहाणी माणसं ऑक्टोबरातच मोटरसायकली झाकून ठेवतात. तुझी लेक कुठली शहाणी! मी बाराही महिने माझ्या मोटरसायकलवरूनच कामाला जाते. तीच ती लाल, जिला तू पहिल्याच दिवशी लालपरी म्हणालास आणि जिच्या मडगार्डवर थाप मारून, एसटी सुटताना कंडक्टर देतो तशी तोंडाने घंटी दिलीस. काल हिवाळ्याच्या तयारीसाठी मी तिची टाकी काढली, आणि आत जे दिसलं त्यामुळे रात्रभर नीट झोप लागली नाही. काय दिसलं ते सांगते, पण आधी थोडं मागे जाऊ दे.

तुम्ही दोघं इथे आलात तो २०१४ चा डिसेंबर. माझं काम काय ते तुला मी अभिमानाने समजावलं होतं, आठवतं? गाड्यांचे सुटे भाग एका बंद पेटीत ठेवायचे, त्यांच्यावर दिवसरात्र मिठाच्या पाण्याचं धुकं सोडायचं आणि गंज किती चढतो ते मोजायचं. तू सगळं ऐकून घेतलंस आणि म्हणालास, "मीठ फवारायचा एवढा पगार? आमच्या वेंगुर्ल्यात समुद्र फुकट फवारतो गो चेडवा." आई हसली, मीही हसले, पण आतून मला ते लागलं होतं. मग तू मडगार्डखालची पांढरी खपली बोटावर घेऊन जिभेला लावलीस आणि आपल्याकडच्यापेक्षा कडक आहे म्हणालास. मी तुला अर्धा तास व्याख्यान दिलं. एसटीच्या डेपोत चौतीस वर्षं खाऱ्या वाऱ्यात गाड्या जगवलेल्या दत्ता मेस्त्रीला, दोन वर्षं नोकरी झालेली मी गंज म्हणजे काय ते शिकवत होते. तूही मान हलवत ऐकलंस.

जानेवारीतला तो गुरुवार. मी चार वाजता घरी आले तर तू खाली अंगणात. बादली, माझे जुने टॉवेल, तुझी माकडटोपी. गाडी धुऊन पुसून लखलखीत केली होतीस आणि जुन्या टूथब्रशने तिच्या सांध्यासांध्यांत तपकिरी मलम भरत होतास. नाताळात इथे लोक मेणबत्त्या लावतात म्हणून हौसेने मीही लावल्या होत्या, त्यांची थोटकं तू जपून ठेवली होतीस. त्यात तुझ्या टाचांच्या भेगांसाठी आणलेलं व्हॅसलीन आणि तळघरातलं उरलेलं ऑइल घालून माझ्या दुधाच्या पातेल्यात वितळवलं होतंस. आणि तुझ्या शेजारी आमच्या इमारतीची देखभाल बघणारे श्री. क्लाइन हात मागे बांधून उभे होते.

ते रागावले नव्हते, बाबा. हे मी तुला तेव्हा सांगितलं नाही. अंगणात गाडी धुवायला इथे मनाई असते, पाणी आणि ऑइल जमिनीत मुरतं म्हणून. तेवढंच ते मला समजावत होते. फरशीवर रुपयाएवढे दोन डाग पडले होते. माफ करा, पुसून घेतो, म्हटलं असतं तर विषय तिथेच संपला असता. मी काय केलं? मी हसले. हसत हसत त्यांना जर्मनमध्ये म्हटलं, माझे वडील खेड्यातले आहेत, त्यांना यातलं काही कळत नाही. मग मराठीत तुझ्यावर उखडले. ही मोटरसायकल आहे, तुझ्या डेपोतली बस नाही. गाडीचा सत्यानाश केलास. यापुढे इथल्या कशालाही मला विचारल्याशिवाय हात लावू नकोस.

तुला जर्मन येत नाही, पण माझं हसू तुला जन्मापासून कळतं. तू डोक्यावरची टोपी काढलीस, खाली बसलास आणि तिने ते दोन डाग पुसलेस. तुझे हात मनगटापर्यंत लालभडक झाले होते, कारण एवढ्या थंडीत तू गार पाण्याने गाडी धुतली होतीस. मीठ गरम पाण्याने चेकाळतं, ते गारच पाण्याने उतरवायचं. आमच्या पुस्तकातही हेच लिहिलंय. ते हात मला तेव्हाच दिसले होते. दिसले नव्हते, असं मी स्वतःला पुष्कळ दिवस सांगत राहिले.

पुढचे सहा आठवडे तू माझ्या घरात पाहुण्यासारखा राहिलास. खिडकी उघडतो, चालेल का? रेडिओ लावतो, चालेल का? स्वयंपाकघरातला नळ गळत होता. घरातला नळ दोन दिवस गळू न देणारा माणूस तू, पण त्याला हात लावला नाहीस. मला आवाजाने जाग येऊ नये म्हणून त्याच्याखाली फडकं घालून ठेवायचास. ते फडकं मी रोज सकाळी पिळून वाळत टाकायचे आणि कामाला जायचे. मुंबईच्या विमानात बसताना तू मला जवळ घेतलंस आणि गाडी जपून चालव म्हणालास. त्यानंतर तीनदा तिकीट काढते म्हटलं, तीनदा तुझे गुडघे दुखत होते.

तुझं मलम मी दोन शनिवार घासून काढलं. पेट्रोल पंपावरच्या धुवायच्या जागेत नेऊन, ब्रश आणि औषध मारून, आणि वर आमच्या कंपनीतला महागाचा गंजरोधक फवारा मारला. पातेलं मात्र तसंच तळघरात फेकलं होतं, तळाशी तुझं मलम थिजलेलं.

आता जे लिहितेय ते मी आईलाही सांगितलेलं नाही. तुम्ही गेल्यावर मार्चमध्ये मी ते पातेलं प्रयोगशाळेत नेलं. हेतू चांगला नव्हता. तू चूक होतास हे मला आकड्यांत बघायचं होतं, म्हणजे मनाची टोचणी थांबली असती. लोखंडाच्या तीन पट्ट्या घेतल्या. एक कोरी, एकीवर आमचा फवारा, एकीवर तुझं मलम. वीस दिवस मिठाच्या धुक्यात ठेवल्या. कोरी पट्टी दुसऱ्याच दिवशी लाल झाली. आमच्या फवाऱ्याच्या पट्टीची कड नवव्या दिवशी गंजली. तुझ्या पट्टीवर विसाव्या दिवशी दोन ठिपके होते. साहेबांनी विचारलं, हे तिसरं काय आहे? मी म्हटलं, असंच, घरगुती काहीतरी. तुझं नावसुद्धा घेतलं नाही, बाबा. त्याच संध्याकाळी तुला फोन करायला हवा होता. पण नाक खाली कसं करायचं? पट्टी खणात टाकली आणि खण बंद केला. त्याला साडेतीन वर्षं झाली.

आणि काल टाकी काढली. तिच्याखाली सांगाड्याला धरून ब्रेकची नळी मागे जाते. तिथे एका वळणावर माझा ब्रश पोचला नव्हता. तेवढ्या चार बोटं जागेत तुझं मलम अजून आहे. टूथब्रशच्या रेघा दिसतात आणि टोकाला तुझ्या अंगठ्याने दाबलेलं दिसतं. त्याच्या अलीकडे आणि पलीकडे, जिथे मी घासून आपली अक्कल लावली, तिथे नळी गंजून पोखरली आहे. आणखी एक हिवाळा टिकली नसती. ब्रेक दाबल्यावर हातात काय आलं असतं कोण जाणे. नळी बदलावी लागेल, पण तुझ्या मलमाखालचा तुकडा पुसून बघितला तर नवा आहे. तो मी कापून काढलाय. आत्ता या कागदावर वजन म्हणून ठेवलाय.

तरीही कदाचित मी गप्प बसले असते. पण गेल्या रविवारी तू फोन आईकडे दिलास आणि आई बोलली. इथून परतल्यापासून तू कुणाच्या गाडीला हात लावला नाहीस म्हणे. लोक दारात गाडी घेऊन आले तर, आता मला यातलं कळत नाही, म्हणून परत पाठवतोस. तुला न येणाऱ्या भाषेतले माझेच शब्द, बाबा. आणि आता वर्षभर तुझे हात कापतायत, कुडाळच्या डॉक्टरांनी कंपवात सांगितलाय, मला कळवायचं नाही अशी तू शपथ घातली होतीस. मी बोटांवर मोजलं. मार्च २०१५ पासून हात कापायला लागेपर्यंत अडीच वर्षं होती. अडीच वर्षं तुझे हात चांगले होते आणि मांडीवर पडून होते. ती मी खाल्ली. ती परत देता येत नाहीत, कितीही माफी मागितली तरी. आई म्हणाली, पान्यांची पेटी तू डेपोतल्या श्रीरंगला देऊन टाकणार आहेस. नको देऊस. मी नाताळाच्या सुट्टीत येतेय, खणातली ती तिसरी पट्टी घेऊन. दारासमोर स्टूल टाकून तू बस आणि मेण किती, व्हॅसलीन किती, आच किती ते सांग. पातेल्यातलं संपलंय आणि प्रमाण तुझ्याशिवाय कुणालाच ठाऊक नाही. लहानपणी तू काम करायचास आणि मी पाने द्यायचे. आता पाना तू दे, तो हातात हलला तर हलू दे, मी धरते. पहिल्यांदा आपली जुनी स्कूटर घेऊ, मग गावातली जी येईल ती. लोकांना मी सांगेन की मी दत्ता मेस्त्रींच्या हाताखाली शिकतेय. चालेल का?

तुझीच,
स्वरू